पंप, टाकी आणि अंगणातला दिवा : गोव्यातील घरासाठी होम असिस्टंट

डिचोली तालुक्यातील आमचे घर चिरेबंदी आहे. परसात विहीर आहे आणि न्हाणीघराच्या स्लॅबवर हजार लिटरची टाकी आहे. काही वर्षांपूर्वी मी पंपासाठी मोबाइलवरून चालणारा एक तयार स्विच आणून बसवला. पहाटे साडेपाचला पंप सुरू व्हावा आणि सहाला बंद व्हावा, एवढेच काम त्याला दिले होते. जुलैतल्या एका पहाटे पंप सुरू झाला आणि थोड्याच वेळात झाड पडून इंटरनेटची तार तुटली. पंप बंद करण्याचा आदेश कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून यायचा होता, तो आलाच नाही. आई उठून मागच्या दारी गेली तेव्हा टाकीतून ओसंडणारे पाणी तासभर अंगणात वाहत होते आणि तुळशीवृंदावनाभोवतीची माती धुऊन गेली होती.

तेव्हापासून मी दोन अटी पाळत आलो आहे. घरातील कोणतेही उपकरण चालण्यासाठी घराबाहेरच्या कशाचीही गरज पडता कामा नये, आणि भिंतीवरचे बटण दाबले की ते उपकरण नेहमीप्रमाणे चालले पाहिजे. वीज आणि इंटरनेट या दोन्ही गोष्टी पावसाळ्यात अधूनमधून जाणारच, हे धरून चालणाऱ्या गोव्यातील माणसाला या अटी वेगळ्या समजावून सांगायला नकोत. मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही पाहता व वापरता येईल अशा सॉफ्टवेअरमुळे त्या प्रत्यक्षात पाळता येतात, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा क्रम सविस्तर लिहीत आहे.

मी वापरतो ती प्रणाली होम असिस्टंट, म्हणजे घरातील उपकरणे एका ठिकाणाहून चालवणारे सॉफ्टवेअर. पाउलुस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये ती लिहायला घेतली. तिचा संपूर्ण स्रोत खुला असून २०२४ पासून तिची मालकी ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. ओपनहॅब आणि डोमोटिक्झ या प्रणालीही चांगल्या आहेत, परंतु नवख्याला अडचण आली तर उत्तर सापडण्याची शक्यता होम असिस्टंटच्या बाबतीत अधिक आहे, असे माझे मत आहे.

यंत्र कोणते घ्यावे

होम असिस्टंट चालवण्यासाठी दिवसरात्र सुरू राहणारा एक लहान संगणक लागतो. बहुतेक ठिकाणी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्या असे सुचवलेले आढळते. दोन जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४ या कामाला पुरतोही, परंतु आपल्याकडील परिस्थितीत मला जुना, चौसष्ट बिटांचा लॅपटॉप किंवा कार्यालयातून निघालेला लहान डेस्कटॉप अधिक योग्य वाटतो. एक कारण असे की, रास्पबेरी पाय सहसा मेमरी कार्डावर चालतो. होम असिस्टंट क्षणाक्षणाची नोंद लिहून ठेवत असल्यामुळे कार्ड झिजते, आणि वारंवार वीज गेली तर ते लवकर खराब होते. दुसरे कारण फारसे कोणी सांगत नाही. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, आणि पाय ५ मध्ये घड्याळ असले तरी त्याची बॅटरी वेगळी विकत घेऊन जोडावी लागते. रात्री वीज गेली, पहाटे आली आणि इंटरनेट मात्र आले नाही, तर अशा यंत्राला किती वाजले हे कळण्याचा मार्ग नसतो. मग वेळेवर अवलंबून असलेली सर्व कामे भलत्याच वेळी होतात. लॅपटॉपला स्वतःचे घड्याळ असते आणि बॅटरीही असते. ही बॅटरी फुगलेली मात्र नसावी. फुगलेली आढळल्यास ती काढून टाकून यंत्र इन्व्हर्टरवर घ्यावे.

राउटरसाठी बारा व्होल्टचा लहान यूपीएस मिळतो, तो पहिल्याच दिवशी घ्यावा. इंटरनेट नसतानाही घरातील उपकरणांना एकमेकांशी बोलण्यासाठी राउटर लागतोच, त्यामुळे वीज गेल्यावर तो सुरू राहणे महत्त्वाचे आहे.

प्रणाली बसवणे

हा भाग वाटतो तितका अवघड नाही. होम असिस्टंट ओएस नावाची संपूर्ण कार्यप्रणाली मोफत मिळते. रास्पबेरी पायसाठी ती रास्पबेरी पाय इमेजर वापरून थेट कार्डावर उतरवता येते. लॅपटॉपसाठी आधी पेनड्राइव्हवरून उबुंटू तात्पुरते सुरू करावे लागते आणि तेथून होम असिस्टंटची प्रतिमा, म्हणजे संपूर्ण कार्यप्रणालीची तयार फाइल, आतल्या डिस्कवर लिहावी लागते. त्यात डिस्कवरील सर्व जुना मजकूर पुसला जातो, म्हणून लॅपटॉपमधील छायाचित्रे व कागदपत्रे आधी दुसरीकडे हलवून ठेवावीत. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, यूईएफआय सुरू आणि सिक्युअर बूट बंद असल्याची खात्री करावी.

यंत्र राउटरला केबलने जोडावे. या एका यंत्रासाठी वायफायवर विसंबू नये. प्रथम सुरू केल्यावर ते इंटरनेटवरून स्वतःचे उरलेले भाग उतरवून घेते, त्याला पंधरा-वीस मिनिटे लागू शकतात. त्यानंतर घरातील कोणत्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये होमअसिस्टंट डॉट लोकल हा पत्ता, पुढे विसर्गासारखे चिन्ह आणि त्यापुढे ८१२३ हा पोर्ट क्रमांक रोमन लिपीत लिहिला की स्वागताचे पान उघडते. तेथे खाते तयार करावे आणि नकाशावर आपले घर नेमके दाखवावे. सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ या ठिकाणावरूनच काढली जाते, त्यामुळे हे काम घाईने उरकू नये. शेवटी राउटरमध्ये या यंत्रासाठी आयपी पत्ता (राउटर यंत्राला देतो तो क्रमांक) राखून ठेवावा, म्हणजे राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी तो बदलणार नाही.

पहिले काम : पंप

बहुतेक लोक रंगीत बल्बपासून सुरुवात करतात आणि महिन्याभरात कंटाळतात. घरात रोज त्रास देणारी एक गोष्ट निवडावी आणि ती नीट होईपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नये. आमच्याकडे ती गोष्ट टाकी होती, आणि गोव्यातील विहीर असलेल्या पुष्कळ घरांत ती टाकीच असेल.

यासाठी ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ या वायफाय चिपचा एक बोर्ड, एक रिले (बोर्डाच्या संदेशाने चालणारा स्विच) आणि टाकीत सोडायचे दोन फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होऊन सर्किट जोडणारे-तोडणारे) लागतात. बोर्डावरील कार्यक्रम ईएसपीहोम या मुक्तस्रोत साधनाने तयार करता येतो, आणि हे साधन होम असिस्टंटमध्येच जोड-सॉफ्टवेअर म्हणून (पूर्वीचे नाव ॲड-ऑन, आता ॲप) बसते. बोर्ड पहिल्यांदा यूएसबी केबलने जोडून भरावा लागतो, त्यानंतरचे सर्व बदल वायफायवरून पाठवता येतात. या कार्यक्रमाचा मजकूर यामल नावाच्या पद्धतीने, साध्या ओळींत लिहायचा असतो. त्यात ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागांना अर्थ असतो; त्या दोन-दोनच्या पटीत स्पेसबारनेच सोडाव्यात, टॅब वापरू नये. नवख्यांच्या निम्म्या चुका मला येथेच दिसतात.

वीजजोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, याबाबत माझे मत ठाम आहे. बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिलेवर दहा अँपिअर असे छापलेले असते आणि एक अश्वशक्तीचा पंप चालू स्थितीत त्याहून कमी करंट घेतो, म्हणून तो सरळ रिलेवर जोडण्याचा मोह होतो. परंतु मोटार सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट करंट घेते. त्यामुळे रिलेचे संपर्क हळूहळू जळतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटतात. चिकटलेला रिले म्हणजे कधीच बंद न होणारा पंप. म्हणून रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा भार पेलणाऱ्या विद्युत-चालित स्विचची, कॉइल चालवावी आणि पंपाचा भार मोटारीसाठी योग्य क्षमतेच्या कॉन्टॅक्टरने उचलावा. त्याच पेटीत मॅन्युअल-ऑटो असा सिलेक्टर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण बंद पडले तरी पंप पूर्वीसारखा हाताने लावता येतो. आमच्या वायरमनने मी न सांगता हा स्विच सुचवला, आणि आज त्या पेटीतील सर्वांत उपयोगी वस्तू मी त्यालाच मानतो.

आता फ्लोटची तार. टाकी भरल्यावर सर्किट जोडले जाईल अशी जोडणी प्रथम सुचते, आणि तीच चुकीची आहे. उंदराने तार कुरतडली किंवा पावसात जोड गंजला, तर ‘टाकी भरली’ हा संदेश कधीच पोहोचणार नाही. जोडणी उलट करावी : टाकीत जागा असेपर्यंत सर्किट जोडलेले राहावे आणि टाकी भरली की ते तुटावे. मग तार कशानेही तुटली तरी बोर्डाला टाकी भरल्यासारखीच दिसते आणि पंप थांबतो. पाण्याच्या हेलकाव्यांनी फ्लोट वरखाली होतो, म्हणून स्थिती दोन-तीन सेकंद टिकली तरच ती मान्य करावी अशी सूचना ईएसपीहोममध्ये लिहून ठेवावी. ही तार विजेच्या तारांच्या पाइपमधून नेऊ नये.

पंप बंद करण्याचा निर्णय होम असिस्टंटवर सोडू नये, तो बोर्डावरच व्हावा, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. पंप केव्हा सुरू करायचा हे होम असिस्टंटने ठरवले तर चालेल. परंतु टाकी भरल्यावर थांबणे आणि ठरावीक वेळ उलटल्यावर थांबणे हे दोन्ही नियम ईएसपीहोमच्या मजकुरात असले पाहिजेत, म्हणजे लॅपटॉप बंद असला तरी ते पाळले जातील. आमची टाकी साधारण पंचवीस मिनिटांत भरते, म्हणून मी कमाल वेळ पस्तीस मिनिटे ठेवली आहे. हा वेळ मोजण्यासाठी स्क्रिप्ट (सूचनांची मालिका) वापरावी आणि तिचा प्रकार ‘रीस्टार्ट’ ठेवावा. अन्यथा पंप मध्येच बंद करून पुन्हा लावला, तर आधीची मोजणी मागे चालूच राहते आणि दुसऱ्या वेळी पंप अकाली थांबतो. याचे कारण शोधण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली.

आणखी दोन ओळी विसरू नयेत. रिलेसाठी ‘रीस्टोअर मोड’ नेहमी बंद असा लिहावा, म्हणजे वीज गेली-आली तरी पंप आपोआप सुरू होणार नाही. तसेच होम असिस्टंटशी पंधरा मिनिटे संपर्क झाला नाही, तर ईएसपीहोमचा बोर्ड स्वतःहून पुन्हा सुरू होतो, ही त्याची मूळ रचना आहे. पंपासारख्या स्वतंत्रपणे चालायच्या उपकरणासाठी ती योग्य नाही, म्हणून एपीआयचा (होम असिस्टंटशी बोलण्याच्या दुव्याचा) आणि वायफायचा असे दोन्ही ‘रीबूट टाइमआउट’ शून्य करावेत. ईएसपी८२६६ वापरत असाल तर रिले डी१ किंवा डी२ या पिनांवर जोडावा; काही इतर पिना बोर्ड सुरू होताना क्षणभर स्वतःच चालू होतात.

पेटी बाहेर असेल तर ती झाकणाला रबरी पट्टी असलेली घ्यावी, तारा खालच्या बाजूने ग्लँडमधून (तारेभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत न्याव्यात आणि एकही भोक उघडे ठेवू नये. पावसाच्या पाण्याइतकाच धोका आपल्याकडे मुंग्यांचा आणि पालींचा असतो. उबदार पेटीत पाल शिरते आणि रिलेच्या पायांवर मरते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एप्रिल-मे महिन्यांत विहीर खाली जाते आणि पंप कोरडा चालण्याची भीती असते. कोरडा पंप नेहमीपेक्षा कमी वीज घेतो. वीजवापर मोजणारे मॉड्यूल त्याच बोर्डाला जोडून, वापर ठरावीक मर्यादेखाली अर्धा मिनिट राहिला तर पंप थांबवावा असा नियम पुढे घालता येतो. ही मर्यादा प्रत्येक पंपाची वेगळी असते. आठवडाभर नोंदी पाहून ती ठरवावी.

अंगणातला दिवा

देवापुढील आणि तुळशीपुढील निरांजन घरातील माणूसच लावतो आणि ते तसेच राहावे. अंगणातील विजेचा दिवा मात्र सूर्यास्ताबरोबर लागायला हरकत नाही. गोव्यात नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जून-जुलैत सातनंतर, त्यामुळे घड्याळाची वेळ न देता सूर्यास्ताचेच निमित्त द्यावे.

होम असिस्टंटमधील प्रत्येक स्वयंचलित कामाचे तीन भाग असतात : निमित्त, अट आणि कृती. सूर्य मावळला हे निमित्त, घरी कोणी आहे ही अट, दिवा लाव ही कृती. हे सर्व पडद्यावर निवडून भरता येते, एकही ओळ लिहावी लागत नाही. नवख्याची गल्लत निमित्त आणि अट यांत होते. निमित्त हा एक क्षण असतो आणि तो गेला की गेला. सूर्यास्ताच्या वेळी वीज नसल्यामुळे यंत्र बंद असेल, तर साडेसातला ते सुरू झाल्यावर मागचे निमित्त आठवून दिवा लावणार नाही. म्हणून त्याच कामाला दुसरे निमित्त जोडावे : होम असिस्टंट सुरू झाले की. आणि अट घालावी की सूर्य क्षितिजाखाली असावा. वेळेवर अवलंबून असलेल्या प्रत्येक कामाला ही जोड द्यावी, कारण आपल्याकडे वीज नेमकी तिन्हीसांजेला जाण्याचा अनुभव पुष्कळांना आहे.

दिव्यासाठी स्मार्ट बल्ब घेण्यापेक्षा भिंतीवरील स्विचच्या मागे बसणारा छोटा रिले घ्यावा. त्याला सध्याचेच बटण जोडता येते आणि घरातील वडीलधाऱ्यांना काहीही नवीन शिकावे लागत नाही. या रिलेला स्विचबोर्डात न्यूट्रल तार लागते. आपल्याकडील स्विचबोर्डांत बहुधा प्लग पॉइंट असल्यामुळे ती सापडते, परंतु खरेदीपूर्वी वायरमनकडून पाहून घ्यावे. बल्बच घ्यायचा असेल, तर वीज परत आल्यावर तो कोणत्या स्थितीत यावा ही सेटिंग आधी बदलावी. अनेक बल्ब वीज आली की पूर्ण उजेडाने लागतात, आणि रात्री दोन वाजता घरातील सर्व खोल्या एकदम उजळल्यावर लहान मुले दचकून उठतात.

चिऱ्यांच्या भिंती

जाड चिऱ्यांच्या भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात आणि वायफायही अडवतात. पावसाळ्यात ओल धरल्यावर संपर्क आणखी क्षीण होतो. दरवाजे, तापमान, हालचाल यांच्या छोट्या सेन्सरांसाठी म्हणूनच झिगबी ही कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत उपयोगी पडते, कारण थेट विजेवर चालणारे जवळजवळ प्रत्येक झिगबी उपकरण पुढच्या उपकरणाचा संदेश पोहोचवते. बॅटरीवर चालणारे सेन्सर हे काम करत नाहीत. त्यामुळे आधी खोलीआड एक झिगबी प्लग लावावा आणि नंतर सेन्सर जोडावेत. उलट क्रमाने गेल्यास दूरच्या खोलीतील सेन्सर सारखे हरवतात. झिगबीचा यूएसबी डाँगल लॅपटॉपच्या पोर्टात थेट न लावता एक मीटरच्या विस्तार केबलने दूर ठेवावा, कारण यूएसबी ३ पोर्ट त्याच्या लहरींत अडथळा आणतात. वायफाय आणि झिगबी दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. वायफायचा चॅनल १ कायम केला तर झिगबीसाठी २० किंवा २५ घ्यावा, आणि हे आरंभीच ठरवावे, कारण नंतर बदलल्यास काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात. सुरुवातीला झेडएचए हे अंतर्भूत साधन पुरेसे आहे. झिगबीटूएमक्यूटीटी हे वेगळे साधन आणि त्याला लागणारा संदेश पोहोचवणारा कार्यक्रम (एमक्यूटीटी ब्रोकर) यांचा विचार पुढे करावा.

आर्द्रतेचा सेन्सर लावून पावसाळ्यात बुरशीवर उपाय म्हणून एक्झॉस्ट पंखा चालवण्याची कल्पना अनेकांना सुचते. जुलैत बाहेरची हवाही तितकीच दमट असते आणि पंख्यामुळे तीच आत ओढली जाते, त्यामुळे मी ते काम काढून टाकले.

नावे, चवथ आणि देखभाल

उपकरणांची नावे मराठीत ठेवता येतात आणि ठेवावीत. घरच्यांना ‘मागची टाकी’ हे नाव लगेच कळते. मात्र आतील ओळखनाव प्रणाली रोमन अक्षरांत स्वतः बनवते आणि ‘टाकी’चे तेथे विचित्र, लांबलचक रूप होते. म्हणून ओळखनाव आधी सोप्या रोमन अक्षरांत द्यावे आणि दिसणारे नाव नंतर मराठीत बदलावे.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबई-पुण्याहून नातेवाईक मूळ घरी येतात, माणसे रात्रभर जागी असतात, आणि हालचाल थांबली म्हणून आपोआप विझणारे दिवे भजनाच्या वेळी सर्वांनाच त्रास देतात. ‘पाहुणे आले आहेत’ नावाचा एक टॉगल (चालू-बंद कळ) होम असिस्टंटच्या ‘हेल्पर’ विभागातून तयार करावा आणि तो सुरू असताना दिव्यांची सर्व कामे थांबतील अशी अट प्रत्येक ठिकाणी घालावी. पंपाच्या नियमांना ही अट लावू नये. त्या दिवसांत पाणी अधिकच लागते.

बाहेरगावाहून घर पाहण्यासाठी राउटरचा पोर्ट इंटरनेटसाठी कधीही उघडू नये. टेलस्केल किंवा वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीच्या साधनांपैकी एक वापरावे. नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते; ती लगेच न घेता एखादी दुरुस्ती आवृत्ती येईपर्यंत थांबावे, आणि प्रवासाच्या किंवा सणाच्या आठवड्यात मुळीच घेऊ नये. स्वयंचलित बॅकअप सुरू करून त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाईल असे पाहावे. बॅकअप कूटबद्ध असतो, म्हणून त्याची किल्ली वहीत लिहून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. ती लॅपटॉपमध्येच राहिली तर लॅपटॉप गेल्यावर बॅकअप उघडणार नाही.

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्यापूर्वी, एक सकाळ तपासणीसाठी काढावी. आधी इंटरनेटची केबल राउटरमधून काढावी आणि प्रत्येक खोलीत जाऊन बटणे दाबून पाहावीत. मग होम असिस्टंटचे यंत्र बंद करून पुन्हा तीच फेरी मारावी. नंतर मेन स्विच पाच मिनिटे बंद ठेवून परत लावावा आणि काय आपोआप सुरू झाले ते लिहून घ्यावे. शेवटी टाकी अर्धी असताना पंप लावावा, घरातील दुसऱ्या माणसाला पंपाजवळ उभे करावे आणि आपण टाकीपाशी जाऊन फ्लोटची तार जोडातून सोडवावी. दोन-तीन सेकंदांत पंप थांबला पाहिजे. थांबला नाही, तर सिलेक्टर मॅन्युअलवर टाकावा आणि वायरमनला बोलावून जोडणी पुन्हा तपासावी.